माणदेशाचे चित्र आणि स्वर

मराठी चित्रपटाचा इतिहास लिहिणारे कोल्हापुरापासून आरंभ करतात, पुण्यात प्रभातच्या आवारात दीर्घ मुक्काम करतात आणि मुंबईस पोहोचल्यावर ग्रंथ पुरा करतात. संगीताचा इतिहास लिहिणाऱ्यांची वाटही मिरज, इचलकरंजी, कोल्हापूर, पुणे अशी ठरलेली आहे. या दोन्ही वाटांपासून आडबाजूस, महादेवाच्या डोंगररांगेच्या पूर्वेस, पश्चिम घाटाने अडविलेल्या पावसाचा उरलासुरला अंश ज्याच्या वाट्यास येतो असा जो माणगंगेच्या खोऱ्यातील मुलूख आहे, त्याचा उल्लेख या ग्रंथांतून आलाच तर माडगूळकर बंधूंचे गाव म्हणून एखाद्या ओळीत येतो. जुने चित्रपट आणि बुजुर्ग गायकांच्या ध्वनिमुद्रिका यांच्या संगतीत ज्याची उमर गेली अशा रसिकाला ही एक ओळ फार अपुरी वाटते. थोरले बंधू कवी ग. दि. माडगूळकर, म्हणजेच गदिमा, यांची प्रतिभा ही या रुक्ष माळावर अकस्मात उगवलेली वस्तू नव्हती. त्या माळावर एका लहानशा संस्थानाने चित्र, कीर्तन, गायन आणि मनुष्यावरील विश्वास यांची जी मशागत केली होती, तिच्याशी या प्रतिभेचे नाते होते, असे माझे मत आहे, आणि त्याचे दाखले पुष्कळ आहेत.

माण हा आज सातारा जिल्ह्याचा एक तालुका. परंतु माणदेश म्हणताना लोकांच्या मनात दहिवडी-म्हसवडाबरोबर खटाव, आटपाडी, जत, सांगोला हा सगळाच दुष्काळी टापू असतो. यातील बराचसा भाग इंग्रजी अमलाखाली होता, तर मधूनमधून औंधच्या पंतप्रतिनिधींची गावे होती. उणीपुरी ७२ गावे, आणि तीही सलग नव्हेत. औंध, किन्हई, कुंडल, आटपाडी अशी विखुरलेली. १९४८ साली संस्थान विलीन झाले, पुढच्याच वर्षी जुन्या सातारा जिल्ह्याची दोन शकले होऊन दक्षिण सातारा, म्हणजे आजचा सांगली जिल्हा, निराळा निघाला आणि आटपाडी सांगलीकडे व औंध साताऱ्याकडे गेले. सरकारी नकाशावरची ही रेघ मनात ठेवून जो या प्रांताचा सांस्कृतिक इतिहास वाचील त्याला त्यातील सूत्र सापडणार नाही.

औंधाधिपती भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांना बहुतेक लोक सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते म्हणून ओळखतात. परंतु हे राजे स्वतः चित्रकार होते, स्वतः कीर्तनाला उभे राहत, आणि १९१६ साली त्यांनी रामकथेची स्वहस्ते काढलेली चित्रे ‘चित्ररामायण’ या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. १९३८ साली त्यांनी औंधास जे संग्रहालय उघडले त्यात देशी-विदेशी चित्रे आणि शिल्पे ज्या प्रमाणात एकत्र आली, त्या प्रमाणात ती त्या काळच्या एखाद्या मोठ्या शहरातही सहज पाहावयास मिळाली नसती. गजानन दिगंबर माडगूळकर हे याच संस्थानचे प्रजाजन. जन्म १ ऑक्टोबर १९१९ रोजी शेटफळ्यास, घर माडगुळ्यास, वडील संस्थानच्या नोकरीत, आणि शाळा आटपाडी, कुंडल व औंध अशी. ज्या संस्थानचा राजा रामायण रंगांत मांडीत होता आणि कीर्तनात गात होता त्या संस्थानातील एका कारकुनाच्या मुलाने पुढे तेच रामायण गीतांत बांधावे, यातला कार्यकारणभाव कोणी कागदोपत्री सिद्ध करू शकणार नाही. परंतु मुलाच्या कानांवर आणि डोळ्यांवर काय पडत होते, हे लक्षात घेतल्यावाचून त्या गीतांचा इतिहास पुरा होत नाही, एवढे मी आग्रहाने म्हणेन.

आता आटपाडीजवळच्या स्वतंत्रपुराविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. १९३९ साली औंध संस्थानने महात्मा गांधींच्या सल्ल्याने आपल्या प्रजेस स्वराज्याची घटना दिली. त्या खटपटीत राजपुत्र अप्पासाहेब पंत यांच्याबरोबर मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडचे एक अभियंते होते. भारतानंद हे नाव धारण करून ते येथे राहिले होते. त्याच सुमारास संस्थानातील शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांना तुरुंगात डांबण्याऐवजी उघड्या माळावर वसवावे, त्यांना जमीन कसावयास द्यावी, त्यांच्या बायकामुलांना त्यांच्यापाशी राहू द्यावे, आणि भिंतीचे काम विश्वासाने करावे, असा प्रयोग सुरू झाला. ही वसाहत म्हणजे स्वतंत्रपूर. खुल्या कारागृहाची कल्पना आज आपल्या कायद्यास परिचित आहे; परंतु दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास, एका नगण्य संस्थानाने, ज्या माळावर कुसळाखेरीज काही उगवत नाही तेथे खुनाच्या गुन्ह्याची सजा झालेली माणसे मोकळी सोडावीत, हे धारिष्ट असाधारण होते.

या हकिकतीतून गदिमांनी ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा घडविली आणि १९५७ साली व्ही. शांताराम यांनी तिचा चित्रपट केला. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक त्यास मिळाले, पुढील वर्षी बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वलाचा मान मिळाला. शांतारामांच्या सर्व चित्रपटांत मी या चित्रपटाला अव्वल स्थान देतो, ‘माणूस’ आणि ‘शेजारी’ यांचा पूर्ण आदर राखून. दोनच वर्षांपूर्वी ‘झनक झनक पायल बाजे’मध्ये रंगांची उधळण करून अपार यश मिळविलेल्या दिग्दर्शकाने पुन्हा कृष्णधवल पडद्याकडे यावे आणि सहा खुनी, एक तुरुंगाधिकारी व एक पडीक जमीन एवढ्याच सामग्रीवर कथा उभी करावी, यात कलावंताचा जो संयम आहे तो मला त्यांच्या अन्य चित्रपटांतील वैभवाहून मोलाचा वाटतो. खेळणी विकणाऱ्या चंपेचे प्रवेश या संयमाला मधूनमधून ढळवितात, हेही खरे. तिची नृत्ये आणि आविर्भाव निम्म्याने कमी असते तर चित्रपट अधिक घट्ट झाला असता. परंतु कैदी पळून जाण्यास निघतात आणि तुरुंगाधिकारी आदिनाथाच्या डोळ्यांची आठवण त्यांना मागे फिरविते तो प्रसंग, किंवा बाजारात भाजी स्वस्त विकल्याबद्दल दलालाची माणसे त्यांना मारतात आणि दिलेल्या वचनामुळे हे बलदंड पुरुष हात उचलीत नाहीत तो प्रसंग, यांच्या तोडीचे लेखन हिंदी चित्रपटात विरळा.

मूळ वसाहत आणि चित्रपट यांत एक महत्त्वाचा फरक आहे. स्वतंत्रपुरात सुधारणेचा आधार कुटुंब होते; कैद्याची बायको चूल पेटवीत होती आणि त्याची पोरे बांधावर खेळत होती. चित्रपटात तो आधार एका पुरुषाच्या दृष्टीत एकवटला आहे. नाट्याच्या सोयीसाठी हे घडले असावे, आणि नाट्याला ते मानवलेही आहे; मात्र वास्तवातील प्रयोग चित्रपटातील प्रयोगापेक्षा अधिक धीट होता, हे प्रेक्षकाने जाणून असावे. वसंत देसाई यांच्या संगीतातील लताबाईंची प्रार्थना घरोघर गेली आणि शाळाशाळांतून म्हटली जाऊ लागली. परंतु मला त्या ध्वनिमुद्रिकांतील सर्वश्रेष्ठ गीत वाटते ते लता आणि मन्ना डे यांनी गाइलेले पावसाचे गीत. मेघ भरून येतात आणि नांगरलेली भुई भिजते, तेव्हा त्या गीतात जो उन्माद प्रकट होतो तो ज्यांच्याकडे मृगात पेरणी हमखास होते अशा प्रांतातील माणसाला निव्वळ गोड वाटेल. म्हसवडच्या किंवा आटपाडीच्या माणसाला तो आपल्या छातीत दाटून आलेला हुंदका वाटतो.

चित्राकडून स्वराकडे वळावे तर पुन्हा औंधासच जावे लागते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य अनंत मनोहर जोशी, म्हणजेच अंतुबुवा, हे औंधचे दरबारगायक होते. आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ त्यांनी १९४० साली औंधास संगीतोत्सव सुरू केला, आणि संस्थान लयास गेले तरी तो उत्सव त्यांच्या वंशजांनी व शिष्यपरिवाराने चालू ठेवला. राजाश्रयाने उभी राहिलेली बहुतेक कार्ये राजाबरोबर संपतात. हे संपले नाही, कारण त्याचे मूळ खजिन्यात नसून गुरुभक्तीत होते. अंतुबुवांचे चिरंजीव गजाननबुवा यांनी पित्याकडून ग्वाल्हेरची तालीम घेतली, रामकृष्णबुवा वझे यांचा लाभ घेतला, भूर्जी खाँसाहेबांपाशी जयपूरची आणि विलायत हुसेन खाँसाहेबांपाशी आग्र्याची गायकी आत्मसात केली आणि व्हायोलिन हे वाद्य तर स्वतःच्या परिश्रमाने हस्तगत केले. तीन घराणी एका कंठात नांदविणे हा त्या काळी जवळजवळ धर्मांतरासारखा अपराध मानला जाई. गजाननबुवांच्या ज्या मैफलींची ध्वनिमुद्रणे रसिकांच्या संग्रहांतून आजपर्यंत टिकून राहिली आहेत ती ऐकताना जाणवते की हा संकर नव्हे: ग्वाल्हेरची सरळ, मोकळी मांडणी हा पाया, आग्र्याची लयकारी ही त्यावरील चाल, आणि जयपूरचे अनवट राग हे त्यातले धन. त्यांचा आवाज रूढ अर्थाने गोड नाही. म्हणून ज्याला प्रथमच ख्याल ऐकावयाचा आहे त्याने या ध्वनिमुद्रणांपासून आरंभ करू नये. परंतु चार-दोन वर्षे कान तयार झाल्यावर त्यांच्याकडे आलेला श्रोता सहसा परत जात नाही. त्यांचे शिष्य उल्हास कशाळकर यांची ध्वनिमुद्रणे आज सर्वत्र मिळतात. ती ऐकून मग गुरूकडे जावे, हा क्रम मी अनेक तरुणांना सुचविला आहे.

गदिमांच्या गीतरामायणाविषयी एक मत नोंदवून ठेवतो, कारण त्यावर मित्रांशी माझा वाद नेहमीच झाला आहे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, पुणे आकाशवाणीने पहिले गीत प्रसारित केले आणि पुढील रामनवमीपर्यंत ५६ गीते झाली. मूळ प्रक्षेपणात रामाची गीते सुधीर फडके उर्फ बाबूजी गात, परंतु इतर पात्रांना माणिक वर्मा, ललिता फडके, मालती पांडे, वसंतराव देशपांडे, राम फाटक, लता मंगेशकर असे निरनिराळे कंठ लाभले होते. पुढे ध्वनिमुद्रिकांचा जो संच निघाला त्यात सर्वच गीते एकट्या बाबूजींच्या आवाजात आहेत आणि गावोगाव तोच पोहोचला. बाबूजींचे शब्दोच्चार आणि भाव यांविषयी दुमत संभवत नाही. तरीही गदिमांनी प्रत्येक गीत एका विशिष्ट व्यक्तीच्या मुखी घातले आहे, आणि कौसल्येचे दुःख स्त्रीकंठातून ऐकताना त्या रचनेतले नाट्य जसे उलगडते तसे एकल गायनात उलगडत नाही. संचाचे गुण कीर्तनाचे आहेत, प्रक्षेपणाचे गुण नाटकाचे. माडगुळ्याच्या रानात ‘बामणाचा पत्रा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खोपीवजा खोलीत बसून गदिमांनी आपले कितीतरी लेखन केले. त्या एकांतात त्यांना अनेक पात्रांचे आवाज ऐकू येत असले पाहिजेत, असे गीतांचे संवादी वळण पाहता वाटते.

एवढी निर्मिती करणाऱ्या मुलुखात चित्रपटगृहे मात्र नव्हतीच म्हटले तरी चालेल. माणदेशी माणसाने सिनेमा पाहिला तो जत्रेत. मार्गशीर्षात म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघे, पुसेगावास सेवागिरी महाराजांची यात्रा भरे, चैत्रात शिखर शिंगणापूर आणि खरसुंडी येथे माणसांचा समुद्र लोटे. आणि जनावरांचा बाजार, तमाशाचे फड व पाळणे यांच्या शेजारी फिरत्या सिनेमाचे तंबू पडत. १९५३ च्या मुंबई चित्रपट विनियमन कायद्याखाली परवाना, मामलेदार कचेरीतील हेलपाटे, मालमोटारीवर चढविलेले यंत्र, तुटलेले रीळ जोडताना प्रेक्षकांची शीळ, आणि भुईवर बसलेली माणसे! भोंग्यावरून वाजणारी चित्रपटगीते हीच या गावांची पहिली ग्रामोफोन लायब्ररी. विटे-आटपाडीकडची गलाईवाली मंडळी सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी अवघ्या हिंदुस्थानात पसरली आणि गिरणगावात गेलेले चाकरमाने मुंबईत राहिले. तीही यात्रेला म्हणून गावी येत. शेजारच्याच मोकळ्या जागेत धनगरांचे गजीनृत्य ढोल-झांजांच्या घाईवर रंगलेले असे, आणि तंबूतून बाहेर पडलेला प्रेक्षक तेथेही तितक्याच आवडीने उभा राही. नव्या कलेने जुनीला हटविले, असे येथे निदान प्रारंभी घडले नाही.

या तंबूंसाठीच जणू निर्माण झालेला चित्रपट म्हणजे १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’. दिग्दर्शक अनंत माने, संगीत वसंत पवार यांचे, पटकथा व संवाद गदिमांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर यांचे, गीते गदिमांची. म्हणजे लेखणीची बरीचशी बाजू माडगुळ्याची. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो १३१ आठवडे चालला. साताऱ्याच्या वाटेवर कानातला दागिना गमावल्याची तक्रार करणारी त्यातील आशाबाईंची लावणी तर चित्रपटापासून सुटून स्वतंत्रपणे जगली. तमाशापटांची पुढे जी लाट आली तिचा दोष काही टीकाकार या चित्रपटाच्या माथी मारतात. तो मला मान्य नाही. नकलांना लावणी हवी होती. मूळ चित्रपटात तिच्यामागे गावच्या सत्तेने बरबाद केलेल्या एका घराची फिर्याद आहे, आणि ती फिर्याद फडावर, सर्वांसमक्ष, स्त्रीच्या तोंडून मांडली जाते.

धाकट्या बंधूंची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी १९५५ ची. तिच्यावरचा चित्रपट यावयास चाळीस वर्षे लागली. अमोल पालेकरांनी १९९५ साली केलेल्या या चित्रपटाची पटकथा स्वतः व्यंकटेश माडगूळकरांनीच लिहिली. मेंढरांची वाडी, कोवळ्या वयाचा राजाराम मास्तर, वाडीने कष्टाने बांधलेली तालीम आणि तिच्यासाठी औंधाहून येणारा राजा, असे ते कथानक. मास्तरांच्या निवेदनातील आर्जव पडद्यावर थोडे उणे झाले आहे, परंतु दुष्काळ उतरतो आणि माणसे वाडी सोडतात तो भाग दिग्दर्शकाने कोणत्याही आक्रोशावाचून मांडला आहे, आणि तेथे चित्रपट कादंबरीच्या बरोबरीस येतो. म्हणून कोणी मला विचारले की माणदेशाचे चित्रपट कोणत्या क्रमाने पाहावेत, तर मी निर्मितीचा क्रम उलटा करून सांगतो: आधी ‘बनगरवाडी’ पाहावा, ती करपलेली भुई डोळ्यांत साठवावी, आणि मगच ‘दो आँखें बारह हाथ’मधल्या पावसाकडे जावे.