निकाहनामा, परमिट आणि खालाबींचा पासपोर्ट

2025च्या एप्रिलमध्ये पहलगामला पर्यटकांची हत्या झाली आणि दोनच दिवसांत सरकारनं पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केल्याचं जाहीर केलं. पुढचे चार-पाच दिवस टीव्हीवर अटारीचं फाटक दिसत होतं. बुरख्यातल्या बायका, कडेवर लेकरं, हातात पिशव्या. आईकडे एका देशाचा पासपोर्ट, लेकराकडे दुसऱ्या. आमच्या स्टाफरूममध्ये एका तरुण सहकाऱ्यानं मला विचारलं, "सर, तिचा निकाह इथं झालाय ना? नवरा इथला. मग ती इथलीच झाली की नाही?"

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. उत्तर "नाही" असं आहे, हे मला माहीत होतं. पण ते "नाही" केव्हापासून झालं, हे सांगायला परभणीपासूनच सुरुवात करावी लागते.

आपल्या आजी-आजोबांच्या काळी उत्तर "हो" असंच होतं. परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. तिथं मुल्की आणि गैरमुल्की असा भेद होता. सरकारी नोकरी मुल्कीला, म्हणजे संस्थानातल्या माणसाला. 1919च्या नियमांत मुल्की कोणाला म्हणायचं हे लिहून ठेवलं होतं. जन्मानं मुल्की, पंधरा वर्षं राहून मुल्की, आणि लग्नानंही मुल्की. बाहेरची बाई मुल्की माणसाची बायको झाली की ती मुल्की. उलट मुल्की मुलगी गैरमुल्कीच्या घरी गेली की तिचं मुल्कीपण गेलं. मात्र नवरा वारला किंवा तलाक झाला आणि ती कायमची माघारी आली, तर ते परत मिळे. शेजारच्या इंग्रजी मुलखातही तत्त्व हेच. 1914च्या ब्रिटिश नागरिकत्वाच्या कायद्यात बायकोचं राष्ट्र म्हणजे नवऱ्याचं राष्ट्र. यात बाईला विचारण्याचा प्रश्नच नव्हता, हे खरं. आज आपण त्याला अन्याय म्हणू, आणि तो होताच. पण त्या व्यवस्थेत एक गोष्ट पक्की होती, नवरा-बायको कायद्याच्या दृष्टीनं एका घरात राहत. निकाहनामा हाच त्यांचा कागद.

हा कागद निकामी झाला तो 1948 साली.

सप्टेंबर 1948मध्ये भारतीय फौजा हैदराबादेत शिरल्या आणि 17 तारखेला निजामानं शरणागती दिली. सरकारी पुस्तकात तो मराठवाडा मुक्तीसंग्राम आहे. आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी 'पुलिस ॲक्शन'. दोन्ही शब्द मी वर्गात वापरतो, कारण दोन्ही खरे आहेत. रझाकारांचे अत्याचार खरे आणि त्यानंतर निरपराध मुसलमानांची जी कत्तल झाली तीही खरी. सरकारनंच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं ती नोंदवली आणि तो अहवाल कित्येक वर्षं बाहेर आला नाही. त्या वर्ष-दोन वर्षांत या भागातून काही माणसं कराचीला गेली. बहुतेक एकटे पुरुष. आधी स्वतः जाऊन बस्तान बसवायचं, मग बायका-मुलांना बोलवायचं, असा हिशेब. आजही कराचीत हैदराबाद कॉलनी नावाची वस्ती आहे.

हिशेब चुकला, कारण त्याच जुलैमध्ये दोन देशांच्या मध्ये परमिट नावाची गोष्ट आली होती. पश्चिम पाकिस्तानातून भारतात येणाऱ्याला 19 जुलै 1948पासून परमिट लागू लागलं. तात्पुरतं परमिट म्हणजे भेटीला या आणि मुदतीत परत जा. कायमच्या परतीचं परमिट वेगळं, आणि ते मिळणं कठीण. पुढे 1949चा कायदा आला आणि राज्यघटनेच्या सातव्या अनुच्छेदात हेच कोरलं गेलं. 1 मार्च 1947नंतर जो पाकिस्तानात स्थलांतर करून गेला तो भारताचा नागरिक नाही. अपवाद फक्त कायमच्या परतीचं परमिट घेऊन आलेल्याचा. बायको कुठली आणि नवरा कुठला, याचा त्या अनुच्छेदात उल्लेखही नाही.

मग पहिल्यांदा हा प्रश्न कोर्टात गेला. 'बिहार राज्य विरुद्ध कुमार अमरसिंग' या नावानं तो निकाल प्रसिद्ध आहे, साल 1955. एक बाई जुलै 1948मध्ये कराचीला गेली होती, डिसेंबरात तात्पुरत्या परमिटवर आली, एप्रिल 1949मध्ये परत गेली. मे 1950मध्ये ती कायमच्या परमिटवर आली, तर ते परमिट सरकारनं रद्द केलं. तिची मालमत्ता निर्वासितांची म्हणून ताब्यात गेली. तिच्या बाजूचं म्हणणं होतं की नवरा भारतातला आहे, बायकोचं अधिवास नवऱ्यामागं चालतं, म्हणून तीही भारतातलीच. म्हणजे जुनाच नियम, मुल्कीवाला. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ती त्याची बायको आहे असं मानलं तरी सातव्या अनुच्छेदापुढे त्याचा उपयोग नाही. ती गेली आणि तात्पुरत्या परमिटवर आली, एवढं पुरे.

स्टाफरूममधल्या प्रश्नाचं उत्तर तिथं लागलं. सत्तर वर्षं झाली.

त्याआधी एक वर्ष, 1954मध्ये, त्याच न्यायालयानं मुंबई राज्यातल्या इब्राहिम वझीर मावत यांच्या प्रकरणात दुसरी बाजूही सांगितली होती. भारताचा नागरिक परमिटशिवाय आला तर त्याला शिक्षा करा, पण त्याला त्याच्याच देशातून हाकलता येणार नाही. 1949च्या कायद्यातलं ते कलम घटनाबाह्य ठरलं. आपल्याकडे पहिला निकाल फारसा कुणाला माहीत नाही आणि दुसरा तर कुणालाच नाही. दोन्ही एकत्र वाचले की चित्र कळतं: नागरिक असाल तर सगळं तुमच्या बाजूनं, नसाल तर लग्नाचं नातंही तुमच्या बाजूनं नाही.

मागे राहिलेल्या बायकांपुढे मग रस्ते किती होते? नवऱ्याकडे जाणं हा एक. वाट बघणं हा दुसरा. तिसरा रस्ता 1939च्या मुस्लीम विवाहविच्छेद कायद्याचा. नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा नाही किंवा त्यानं दोन वर्षं खर्च दिला नाही, तर बाई कोर्टाकडून निकाह तोडून घेऊ शकते. हा कायदा फाळणीसाठी झाला नव्हता. हनफी फिकहमध्ये बेपत्ता नवऱ्याच्या बायकोला जवळजवळ आयुष्यभर थांबावं लागे, म्हणून मौलाना अशरफ अली थानवींनी मालिकी मताचा आधार घेऊन वाट काढली होती आणि त्यातून पुढे हा कायदा आला. उलेमांनी काळाप्रमाणे वाट काढल्याची अशी उदाहरणं आपण मुलांना का सांगत नाही, कोण जाणे.

माझ्या नानीच्या मावसबहिणीनं पहिला रस्ता धरला. घरात सगळे त्यांना खालाबी म्हणत. नवरा निजामाच्या तहसिलीत कारकून, 1949च्या सुरुवातीला कराचीला गेला. खालाबी चार वर्षं परभणीत भावाकडे राहिल्या. ऑक्टोबर 1952मध्ये परमिटची पद्धत संपून पासपोर्ट-व्हिसा सुरू झाला होता. 1953मध्ये भारतीय पासपोर्ट काढून, मीटरगेजच्या गाडीनं मनमाड, तिथून मुंबई आणि मुंबईहून बोटीनं त्या कराचीला पोचल्या. तिकडे मुलगा झाला. काही वर्षांनी आई आजारी पडली, माहेरी यायचं तर पासपोर्टची मुदत संपलेली. नवऱ्यानं तिकडचा पासपोर्ट काढून दिला. त्यांनी अंगठा उमटवला आणि आईला भेटून आल्या.

त्या अंगठ्यानं त्यांचं भारतीय नागरिकत्व गेलं. 1955च्या नागरिकत्व कायद्याचं नववं कलम म्हणतं, स्वखुशीनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की इथलं संपलं. 1956च्या नियमांत दुसऱ्या देशाचा पासपोर्ट मिळवणं हा त्याचा निर्णायक पुरावा मानला गेला, आणि 1962मध्ये इझहार अहमद खान यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तो नियम उचलून धरला. गंमत बघा, नवरा गेला सातव्या अनुच्छेदानं आणि बायको गेली नवव्या कलमानं. एका घरातली दोन माणसं दोन वेगळ्या दारांनी बाहेर पडली.

नवरा वारल्यावर खालाबी परत आल्या. पाकिस्तानी विधवा, भारतीय वंशाची, माहेरी आधाराला आलेली, अशा बायकांसाठी दीर्घ मुदतीच्या व्हिसाची सोय आहे. मुल्की नियमातली ती माघारी आलेली लेक आठवते ना, तीच ही. फक्त आता तिला हक्क परत मिळत नाही, मुदत मिळते. मुदत संपत आली की पोलीस अधीक्षकांचं कार्यालय. जिल्ह्यात परदेशी माणसांच्या नोंदणीचं काम त्यांच्याकडेच असतं. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. खालाबींना मराठी वाचता येत नसे म्हणून मला सोबत नेत. फॉर्मवरचं मी वाचून दाखवी, त्या उत्तर देत आणि मी ते मोठ्या अक्षरात लिही. 'राष्ट्रीयत्व' या रकान्यापाशी मी दर वेळी थांबे. त्या म्हणत, "लिख बाबा, जो है सो लिख."

मोठा झाल्यावर मी विचारलं की अर्ज का करत नाही. भारतीय वंशाच्या माणसाला नोंदणीनं नागरिकत्व मागण्याची तरतूद होती. त्यांनी मान हलवली. "नक्को रे बाबा. ये कागज छोडी तो मेरे पोट्टे से कैसा मिलूं?" मुलगा कराचीत. भारतीय झाल्या असत्या तर त्याला भेटायला पाकिस्तानचा व्हिसा मागावा लागला असता, आणि तो मिळेल याची खात्री कुणी द्यायची? परभणीत मरायचं की पोराला भेटायचं, यातलं एक निवडायला कायदा सांगत होता. त्यांनी दोन्ही धरून ठेवलं, दर वर्षी त्या कार्यालयात जाऊन. जिंतूर रोडच्या एका घरात त्या गेल्या तेव्हा कागदावर पाकिस्तानीच होत्या.

खालाबींचा काळ तरी सैल होता. 1955च्या कायद्यात भारतीय पुरुषाशी लग्न केलेल्या बाईला नोंदणीनं नागरिकत्व मागता येई. 1986मध्ये 'बाई'च्या जागी 'व्यक्ती' आलं, म्हणजे भारतीय बाईच्या परदेशी नवऱ्यालाही ते दार उघडलं, पण पाच वर्षं राहण्याची अट बसली. 2003च्या दुरुस्तीनं ती सात वर्षं झाली आणि सोबत तीन शब्द आले: 'बेकायदा स्थलांतरित नसलेली'. हे तीन शब्दच आज सगळ्यात महत्त्वाचे. बेकायदा स्थलांतरित म्हणजे कागदपत्रांशिवाय आलेला, आणि कागदपत्रं घेऊन येऊन मुदत संपल्यावर राहिलेलाही. दोघे एकाच व्याख्येत.

अमेरिकेत हा फरक करतात. तिथं व्हिसावर येऊन मुदतीपेक्षा जास्त राहिलेल्याचं अमेरिकन नागरिकाशी लग्न झालं, तर बहुतेक वेळा देश न सोडता अर्ज करता येतो. सीमेवरून चोरून आलेल्याला मात्र बाहेर जाऊन अर्ज करावा लागतो आणि 1996च्या कायद्यामुळे बाहेर पडताच तीन किंवा दहा वर्षांची बंदी बसू शकते. ती माफ करून घेण्याचा अर्ज 2013पासून आधीच, देशात असतानाच करता येतो. कायदा कडकच आहे, पण बायको किंवा नवरा नागरिक आहे याला तिथं वजन आहे. आपल्याकडे सात वर्षं मोजायला सुरुवातच होत नाही. 2019च्या दुरुस्तीनं पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून 2014 संपेपर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना या व्याख्येतून सोडवलं. मुसलमान त्यात नाहीत, मग त्यांचं लग्न कुणाशीही झालेलं असो.

सगळ्यात जड भाग लेकरांचा. 3 डिसेंबर 2004पासून जन्मलेल्या मुलाचा बाप भारतीय असला तरी आई 'बेकायदा स्थलांतरित' असेल तर ते मूल जन्मानं भारतीय नाही. इथल्याच दवाखान्यात जन्मलेलं, इथल्याच शाळेत माझ्या वर्गात बसलेलं असलं तरी.

हे सगळं मी त्या सहकाऱ्याला दोन-तीन मधल्या सुट्ट्यांत सांगितलं. तिसऱ्या दिवशी तो जरा गप्प होता. मग म्हणाला, ओळखीतलं एक घर आहे. मुलगी भेटीच्या व्हिसावर आली होती, नातेवाईकच. निकाह झाला. पुढे कुणी काही केलं नाही. निकाहनामा आहे, लॅमिनेशन करून ठेवलाय.

"व्हिसाची तारीख काय होती?" मी विचारलं.

त्याला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, आधी ती बघा. मुदत शिल्लक असेल तर दीर्घ मुदतीच्या व्हिसाचा अर्ज आजच टाका. भारतीयाशी लग्न झालेल्या पाकिस्तानी बाईला तो मागता येतो, आणि एप्रिलच्या आदेशातून असे व्हिसाधारक वगळले होते. मुदत गेली असेल तर एजंटाकडे जाऊ नका, परदेशी नागरिकांची प्रकरणं चालवणारा वकील गाठा आणि त्याच्यासोबतच अधीक्षक कार्यालयात जा. 1 सप्टेंबर 2025पासून नवा परदेशी नागरिक कायदा लागू झालाय, मुदतीपेक्षा जास्त राहण्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तिचं आधार कार्ड काढून कुणी शहाणपणा केला असेल तर तेही वकिलाला सांगा.

"आणि निकाहनामा?"

"तोही न्या. उर्दूत असेल तर मराठी तर्जुमा मी करून देतो."

संध्याकाळी त्यानं फोटो पाठवला. शिकस्ता वळणाचं अक्षर, मेहरची रक्कम, दोन साक्षीदार, काझीचा शिक्का. मुलीच्या बापाचा पत्ता लिहिला होता, त्यात हैदराबाद कॉलनी, कराची असं वाचता येत होतं.