पन्हाळ्याच्या वेढ्यातले पगारदार इंग्रज

कोल्हापूरकराकडे पाहुणे आले की पन्हाळा दाखवणे चुकत नाही. तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जाकोठी झाली की मी मसाई पठाराकडे बोट दाखवून १६६० चा वेढा सांगतो. शिवा काशीद, बाजीप्रभू आणि ओघातच सिद्दी जौहरला येऊन मिळालेले राजापूरचे इंग्रज. मागच्या दिवाळीत भाचीने मध्येच अडवले, 'मामा, ते तर व्यापारी होते ना? मग इकडे कशाला कडमडले?' मला धड उत्तर देता आले नाही. ते शोधताना वेढ्यापेक्षा त्या माणसांच्या रोजच्या जगण्यातच मी अधिक गुंतलो.

राजापूरची इंग्रज वखार १६४९ च्या सुमाराची. आज कोल्हापूरहून अणुस्कुरा घाट उतरून आपण काही तासांत तिथे पोहोचतो. तेव्हा घाटमाथ्याचा माल बैलांच्या पाठीवरून खाली उतरे. मिरी आणि कापड ही मुख्य खरेदी. वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन. हाताखाली फिलिप गिफर्डसारखे मोजके लोक. मालाचा भाव ठरवणे, दलालांना आगाऊ रक्कम देणे, वह्या लिहिणे आणि पत्रे पाठवणे हे त्यांचे काम. पावसाळ्यात समुद्र बंद. लंडनला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर यायला वर्ष उलटून जाई.

या नोकरीची तऱ्हा सुरतेच्या मुख्य वखारीवरून कळते. डॉक्टर जॉन फ्रायर १६७३ मध्ये इकडे आला. त्याच्या काळी नव्या कारकुनाला वर्षाला १० पौंडांच्या आसपास पगार मिळे. राहणे-जेवणे कंपनीकडे. १६८९ मध्ये सुरतेला आलेल्या ओव्हिंग्टन पाद्र्याने तिथली पंगत वर्णिली आहे. सगळे एकत्र जेवत, पण बसायचे हुद्द्याप्रमाणे. मुदपाकखान्यात इंग्रज, पोर्तुगीज आणि हिंदी स्वयंपाकी, पिण्यास शिराझची दारू. जेवणाचा थाट मोठा, पगार तुटपुंजा! मधली तूट भरून निघे ती स्वतःच्या खासगी व्यापारातून. शिवाय आयुष्याचा भरवसा नाही. मुंबईत माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, अशी म्हणच त्यांच्यात पडली होती. झटपट कमवावे आणि घरी परतावे, ही घाई त्यातूनच येते.

या घाईच्या उजेडात रेव्हिंग्टनचे पन्हाळ्याला येणे मला समजू लागले. आदिलशाही सरदाराला मदत केली तर दारूगोळा खपेल, दरबारात वजन वाढेल, व्यापाराला सवलती मिळतील, असा त्याचा हिशेब दिसतो. वखारीच्या लोकांनी गडावर गोळे डागले आणि वर आपले निशाणही लावले. हिशेब चुकला. जुलैमध्ये महाराज वेढ्यातून निसटले. १६६१ च्या मार्चमध्ये राजापूरवर मराठी फौज आली आणि वखारीतले इंग्रज कैद झाले.

कैदेतून त्यांनी सुटकेसाठी सुरतेला पत्रांवर पत्रे पाठवली. १६६२ च्या मार्चमध्ये सुरतेच्या अध्यक्षाने जे उत्तर दिले, ते १९३१ साली पुण्यात छापलेल्या 'इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी' या संग्रहात वाचता येते. त्याचा आशय असा, की तुम्ही कैदेत का पडलात हे तुम्हालाच ठाऊक आहे. कंपनीचा माल राखताना नव्हे, तर पन्हाळ्याच्या वेढ्यात इंग्रजांचे निशाण लावून गोळे फेकल्यामुळे. ज्या कंपनीचे निशाण लावले तिनेच हात झटकले. सुटका व्हायला १६६३ उजाडले.

पुढे १६७४ मध्ये हेन्री ऑक्सिंडेन राज्याभिषेकाला नजराणा घेऊन रायगडावर गेला. राजापूरची नुकसानभरपाई हाही त्याच्या बोलण्यातला एक विषय होता. गडावरचे साधे अन्न म्हणजे तुपातली खिचडी. ती या मंडळींना मानवेना. मग रोज अर्धा बकरा पुरवण्याची सोय झाली. तो पुरवणारा म्हातारा खाटीक शेवटी गड चढून त्यांना पाहायला आला. वर्षानुवर्षांत खपले नसेल इतके मटण महिन्याभरात फस्त करणारी ही माणसे तरी कशी आहेत, हे त्याला बघायचे होते!

ही हकीकत इंग्रजांनीच लिहून ठेवली, म्हणून ती आपल्यापर्यंत आली. पण तिच्यात ऑक्सिंडेनचे नाव आहे, खाटकाचे नाही. सुरतेत ऑक्सिंडेन घराण्यातल्या दोन भावांची घुमटांची भव्य कबर आजही उभी आहे. त्यांना जेवू घालणारे, माल वाहणारे, दुभाष्याचे काम करणारे मात्र बहुतेक त्यांच्या हिशेबाच्या वह्यांत रकमेच्या मागे लपलेले आहेत. त्या वह्या परक्यांच्या म्हणून आपण बाजूला ठेवल्या, तर आपलीच ही माणसे आपल्याला भेटायची नाहीत.

भाचीला मी आता उत्तर देतो, 'बाळ, ते नफ्यासाठी आले होते. आणि त्या खाटकासारखेच कुतूहल ठेवून आपण त्यांच्याकडे पाहायला हवे.'