न वाचलेले उत्तर

निकालानंतर गुणपडताळणीचा अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्याला काय हवे असते? आपली उत्तरपत्रिका कोणीतरी पुन्हा नीट वाचावी, एवढेच. मंडळाच्या लेखी मात्र ‘पडताळणी’चा अर्थ वेगळा होता.

महाराष्ट्राच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक मंडळांच्या १९७७ च्या विनियमांतील १०४ वा नियम पाहा. पडताळणीत चारच गोष्टी पाहायच्या: सर्व उत्तरे तपासली का, बेरीज बरोबर आहे का, गुण मुखपृष्ठावर अचूक उतरवले का, पुरवण्या जागेवर आहेत का. पुनर्मूल्यांकन नाही आणि उत्तरपत्रिका पाहायलाही मिळणार नाही. म्हणजे एखादे उत्तर वाचायचे राहिले, तर ती चूक दुरुस्त होई. वाचून दिलेला गुण मात्र अंतिम. अकोला-अमरावतीचे विद्यार्थी तेव्हा नागपूर विभागीय मंडळाकडे असत; त्यांनाही हाच नियम लागू होता.

मुंबई उच्च न्यायालयाने यातील निर्बंध रद्द केले. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तो निर्णय फिरवला. पुन्हा पुन्हा तपासणी सुरू झाली, तर निकालाला शेवटच उरणार नाही, हा त्यामागचा मुख्य विचार.

ही भीती निराधार नव्हती. इंग्लंडमध्ये हार्टोग व ऱ्होड्स यांनी १९३५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका १४ परीक्षकांनी वर्ष-दीड वर्षाने पुन्हा तपासल्या. २१० पैकी ९२ वेळा परीक्षकाने स्वतःचाच निर्णय बदलला!

पण गुण असे डळमळीत असतील, तर ते झाकून का ठेवायचे? २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माहितीच्या अधिकारात तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क मान्य केला. आज राज्य मंडळाकडून छायाप्रत मिळते, पुनर्मूल्यांकनही मागता येते. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा व वाशीम यांच्यासाठी आता अमरावतीलाच विभागीय मंडळ आहे.

वर्गातल्या वह्यांना मात्र असा लेखी नियम क्वचितच असतो. साठ वह्या ओळन् ओळ वाचणे शक्य नसते. पानाखाली सही होते. ती ‘वाचले’ म्हणून की फक्त ‘पाहिले’ म्हणून, हे मुलाला कळत नाही. चुकीच्या उत्तराखालीही सही दिसली, की ते बरोबर आहे असे समजून तो पाठ करतो. म्हणून सत्राच्या आरंभीच सांगावे: कोणते काम वाचले जाईल, कोणते केवळ पूर्ण झाले की नाही एवढेच पाहिले जाईल आणि कशाला किती गुण. दोन्हींसाठी खुणाही वेगळ्या ठेवाव्यात.