भीमथडीचे शिंगरू आणि आपली घराणी

आपल्या ज्ञातीतील कोणत्याही घरी जावे, तेथे सुभेदार मल्हारराव होळकर अथवा पुण्यश्लोक अहिल्यादेवी यांची तसबीर बहुधा दिसतेच. अश्वारूढ सुभेदारांपुढे आपण आदराने हात जोडतो. परंतु त्या काळच्या स्वारांच्या मांडीखालची घोडी कोणी वाढविली, त्यांना माणसाळविले कोणी, हा प्रश्न आपल्या मनात क्वचितच येतो. बखरकारांनी घोड्यांची गणती केली. शिंगरांची केली नाही. ही उणीव अंशतः तरी भरून निघावी, एवढाच आमच्या या अल्पशा लेखाचा हेतू आहे.

भीमा व नीरा या नद्यांच्या काठचा मुलूख तो भीमथडी. थडी म्हणजे काठ. इंग्रजी अमदानीत पुणे जिल्ह्यात याच नावाचा तालुकाही होता. येथे पाऊस बेताचा, माळ खडकाळ आणि गवत आखूड. बहामनी काळापासून चौल, दाभोळ, गोवे या बंदरांत अरबस्तान व इराणकडील घोडे उतरत. त्यांचे रक्त देशी तट्टांत मिसळून भीमथडीची जात सिद्ध झाली, असे मानले जाते. ही जात अंगाने लहान, खुराने टणक आणि थोडक्या चाऱ्यावर निभावणारी. डोंगरवाटांच्या मुलखात अशाच जनावराची गरज होती.

शिवकालीन घोडदळाची रचना सभासदाच्या बखरीत दिलेली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार व कारकुनांस १६७० नंतरच्या काही वर्षांत महाराजांनी धाडलेले पत्र प्रसिद्धच आहे. दाणावैरण आताच उधळली तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, रयतेच्या काडीलाही हात लावू नये, गवताच्या गंजीपाशी विस्तव व जळता दिवा राहू देऊ नये, अशी ताकीद त्यात आहे. राज्यकर्त्याने घोड्याच्या वैरणीची एवढी बारकाईने काळजी वाहावी, यावरून त्या जनावराचे मोल ध्यानात यावे.

बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदाराने मात्र तो स्वतःचा आणावा लागे. म्हणजे शिलेदाराचा घोडा एक तर विकत घेतलेला, नाही तर घरच्या घोडीचे शिंगरू. ज्याच्या दारी घोडी, त्याला शिलेदारीची वाट मोकळी. स्वतः मल्हाररावांचा जन्म १६९३ मधला, नीरेकाठच्या होळ गावचा. पितृवियोगानंतर ते खानदेशात तळोदे येथे मामा भोजराज बारगळ यांच्याकडे वाढले. बालपणी त्यांनी मेंढरे राखली आणि पुढे मामांच्याच पथकात ते स्वार झाले. मेंढरांचा कळप व घोड्यांची दावण एकाच अंगणात नांदत होती, हे या एका चरित्रावरूनही दिसून येते.

आता मूळ विषयाकडे वळू. आपल्या वाड्यावर शिंगरू वाढते कसे, ते नव्या पिढीतील वाचकांसाठी थोडे विस्ताराने सांगतो.

घोडी सुमारे अकरा महिने गाभण असते. शिंगरू जन्मल्यावर तास-दोन तासांत उभे राहते, आणि त्याने लगेच चीक प्यावा म्हणून घरची म्हातारी जागी राहते. रोगाशी झुंजण्याचे बळ शिंगराला आईच्या उदरात मिळत नाही; ते चिकातूनच आणि तेही पहिल्या दिवसातच मिळते, असे पशुवैद्यक आज सांगते. आमच्या आजीला हे शास्त्र ठाऊक नव्हते. पण चीक पोटात गेल्याशिवाय ती अंथरुणाला पाठ लावीत नसे.

दिवाळीनंतर वाडे कोकणाकडे निघतात आणि पावसापूर्वी परततात. पुरुष मेंढरांमागे, तर घोड्यांची दोरी बायकांच्या हाती. घोडीच्या पाठीवर संसार, त्यावर नुकती जन्मलेली कोकरे, कधी लहान मूलही. आणि तिच्या कुशीला लागून मोकळे शिंगरू. त्याची शाळा ती हीच. घाट, ओढा, गावची कुत्री, सडकेवरची मोटार, या साऱ्यांपुढे आई बिचकत नाही हे पाहून तेही बिचकेनासे होते. पागेत चाबुकस्वाराने महिनोन्महिने शिकवावे, ते वाड्यावर वाटच शिकविते.

साधारण सहाव्या महिन्यापासून दूध तुटू लागते. तोपर्यंत पाय उचलून खूर पाहू देणे, कान चोळू देणे, म्होरकी घालू देणे, एवढी सवय मुलांच्या हातूनच झालेली असते. पुढे पाठीवर रिकामे पोते, मग घोंगडी, आणि तिसरे वर्ष उलटल्यावर हलके ओझे. हाडे पुरती भरण्यापूर्वी ओझे लादले तर जनावर जन्माचे अधू होते. पाचव्या वर्षी दात पुरे होतात, तेव्हा घोडा पुरता झाला असे समजावे. घाई करणाऱ्याला वडीलधारे एवढेच विचारीत, “बाबा, एक वर्ष वाचवून दहा वर्षे घालवायची आहेत काय?”

१८१८ मध्ये पेशवाई संपली, घोडदळे मोडली आणि शिलेदारांबरोबर त्यांच्या घोड्यांचीही मागणी ओसरली. कंपनी सरकारने भीमेकाठी आलेगाव येथे घोडपैदाशीचा तबेला घातला खरा. पण फौजेस मोठ्या अंगाचा घोडा हवा होता, तट्टू नव्हे. १८६० मध्ये आगगाडी भीमथडीतून सोलापुरास पोहोचली. १८७६-७८ च्या दुष्काळात चाऱ्यावाचून दख्खनेतील जनावरे मोठ्या संख्येने दगावली. पागा गेल्या, सरदारांचे तबेले गेले. पण भटक्या मेंढपाळांच्या वाड्यांवर घोडी उरली. राजाश्रयावाचून ही जात जगविली ती आपल्याच गरीब बांधवांनी, विशेषतः भगिनींनी.

कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने आता भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. २०२३ मध्ये राज्यगीत झालेल्या गीतातही तिचे नाव आहे. ही अभिमानाची गोष्ट खरी. परंतु खंत वाटते ती निराळीच. घरचा मुलगा शिकून शहरात गेला, की बापाच्या तट्टाचा उल्लेख करावयास संकोचतो. मुलाने शिकावे, शहरात नाव काढावे, हे आम्हांस हवेच आहे. वाड्याचे हाल ज्यांनी सोसले त्यांनी मुलांनाही ते सोसावयास सांगावे, असे आम्ही कदापि म्हणणार नाही. पण तसबिरीतल्या घोड्याला नमस्कार आणि दारच्या घोडीची लाज, ही विसंगती आपणांस शोभत नाही.

म्हणून ज्ञातिबंधुभगिनींस आमची नम्र विनंती अशी, की घरात अजून कोणी आजी-आजोबा शिंगरे वाढविलेले असतील, तर त्यांच्यापाशी बसून चार गोष्टी लिहून घ्याव्यात : कोणत्या वाटेने वाडा जाई, घोडीचे नाव काय होते, आजारी शिंगराला काय देत. असे कागद मंडळाकडे आले, तर पुढील स्मरणिकेत त्यांना मानाचे पान मिळावे. होळकरांचा इतिहास विद्वान लिहीतच आहेत. शिंगराचा इतिहास मात्र आपण लिहिला नाही, तर दुसरे कोणी लिहिणार नाही.