सरड्यांची मोजदाद

जामखेडसारख्या बालाघाटच्या डोंगराळ मुलुखांत ऊन चढतांच दगडावर येऊन मान हलविणारा सरडा सर्वांच्याच परिचयाचा असतो. परंतु अशा माळांवर सरड्यांच्या जाती किती, या साध्या प्रश्नानें शास्त्रज्ञांस दीर्घकाळ चकविलें आहे.

१८२९ सालीं फ्रेंच पंडित क्यूव्हिए यानें, गळ्याखालीं पंखा उलगडणाऱ्या सरड्यास पाँडिचेरीवरून ‘सिटाना पाँटिसेरियाना’ असें नांव दिलें. १८७० मध्यें जर्डननें दख्खनची जात वेगळी सांगितली. तरी पुढें शतकाहून अधिक काळ देशांतील असे बहुतेक सरडे त्या एकाच नांवाखालीं नोंदले गेले. अखेर २०१६ सालीं व्ही. दीपक, वरद गिरी आदि संशोधकांनीं ठिकठिकाणचे नमुने जमवून मापें व आनुवंशिक द्रव्य ताडून पाहिलें, तेव्हां पांच नव्या जाती आणि एक नवी प्रजाति उजेडांत आली. प्रजातीस नांव मिळालें तें ‘सरडा’, आपलाच मराठी शब्द! जर्डनची दख्खनी जात आतां तींतच मोडते. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरील ‘सरडा सुपर्बा’ही तींतलाच.

अनेक जाती एका नांवाखालीं दडल्या, कीं त्यांतील एखादी नष्ट झाली तरी ग्रंथांतील नांव कायम राहतें आणि हानीची नोंदही होत नाहीं. म्हणून कागदोपत्रीं ‘पडीक’ ठरलेल्या माळावर नांगर अथवा खाण पोहोंचण्यापूर्वीं मोजदाद पोहोंचली पाहिजे.