‘संगणक सुरू होत नाही’ : स्वहस्ते जुळविलेल्या यंत्राच्या दोषनिदानाचा इतिहास

मुळशी तालुक्यातील हिंजवडी हे गाव विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत प्रामुख्याने शेतीचे गाव होते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने तेथे राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यान वसविल्यानंतर त्याचे रूप पालटले, आणि आज संगणकाच्या आज्ञावली लिहिणे हाच तेथील असंख्य लोकांचा व्यवसाय झाला आहे. परंतु याच वस्तीतील एखाद्या तरुणाने सुटे भाग आणून घरी संगणक जुळवावा, कळ दाबावी आणि यंत्राने मुळीच दाद देऊ नये, असा प्रसंग आला म्हणजे आज्ञावलीचे ज्ञान फारसे कामी येत नाही. अशा वेळी तो मित्रास किंवा दुकानदारास जे सांगतो, ते बहुधा एकच वाक्य असते : ‘संगणक सुरू होत नाही.’ या वाक्याचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न वरवर पाहता केवळ भाषेचा आहे. वस्तुतः दोषनिदानाचा इतिहास हा याच वाक्याच्या पृथक्करणाचा इतिहास होय. ते पृथक्करण कोणी करावयाचे आणि त्याचे ज्ञान कोणाजवळ राहावयाचे, या प्रश्नांना गेल्या सत्तर वर्षांत निरनिराळी उत्तरे मिळाली. त्यांचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

१. बांधणारा तोच वैद्य

या इतिहासाचा महाराष्ट्रातील आरंभ मुंबईस झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५४ साली रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एका लहानशा गटाने संगणक बांधावयास घेतला. प्रथम एक प्रायोगिक यंत्र तयार झाले व ते १९५६ साली चालू झाले. त्या अनुभवावर उभारलेले पूर्ण यंत्र १९६० च्या फेब्रुवारीत कार्यान्वित झाले, आणि जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्यास ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड व १२,५०० रोधक होते. यंत्राचा सांगाडा १८ फूट लांब व ८ फूट उंच असून आतील मंडलांपर्यंत हात पोहोचावा म्हणून त्यास दोन्ही बाजूंनी पोलादी दारे ठेविली होती.

ही दारे केवळ सोयीची बाब नव्हती. एका निर्वात नलिकेचे सरासरी आयुष्य १०,००० तास आहे असे गृहीत धरले, तरी २,७०० नलिकांच्या यंत्रात सुमारे पावणेचार तासांस एक नलिका निकामी होईल, असे साधे गणित सांगते. दोष हा तेथे अपवाद नव्हता, नित्यक्रम होता. अमेरिकेतील ‘एनिआक’ या यंत्रात, १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात, नलिका विशेषतः यंत्र चालू-बंद करताना जातात असे ध्यानात आल्यामुळे त्यांचे तापक सहसा बंदच करीत नसत. ‘व्हर्लविंड’ या यंत्रासाठी याहून पुढची युक्ती निघाली : दुरुस्तीच्या वेळी विद्युतदाब मुद्दाम थोडा कमी-अधिक करावयाचा, म्हणजे दुबळी झालेली नलिका प्रत्यक्ष कामाच्या वेळी दगा देण्याऐवजी तपासणीतच उघडी पडते.

या काळात ‘यंत्र सुरू होत नाही’ हे वाक्य फारसे उच्चारावे लागत नसे. ज्याने मंडल आखले, तोच दार उघडून विद्युतस्पंद कोठवर येतो व कोठे लोपतो हे पाहत असे. त्याचे निदान कारणापर्यंत पोहोचत असे. याच नरसिंहन यांनी पुढे भाषिक वर्तनाच्या प्रतिमानांचा अभ्यास केला, हेही भाषेच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

२. ज्ञानाचे हस्तांतर

१९६४ साली त्याच संस्थेत ‘सीडीसी ३६००’ हे अमेरिकी यंत्र आले आणि टिफ्रॅकचे कार्य संपुष्टात येऊ लागले. विकत आणलेल्या यंत्राबरोबर वेगही आला आणि विश्वसनीयताही आली. परंतु दोषनिदानाचे ज्ञान मात्र उत्पादकाच्या घरी राहिले. या परावलंबनाचे गांभीर्य १९७८ साली स्पष्ट झाले. त्या वर्षी आयबीएम कंपनीने भारतातील आपला व्यवसाय गुंडाळला, आणि देशभर विखुरलेल्या तिच्या यंत्रांची देखभाल १९७५ साली स्थापन झालेल्या सरकारी कंपनीकडे आली. या कंपनीच्या ‘कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन’ या मूळ नावातच देखभाल हा शब्द आहे. यंत्र कोणाचे याहून ते बिघडल्यावर उठविणारा कोण, हा प्रश्न एका राष्ट्रास महत्त्वाचा वाटला, याची ही साक्ष होय.

नोव्हेंबर १९८४ मधील संगणक-धोरणाने आयातीचे निर्बंध सैल केले. तेव्हापासून सुटे भाग आणून यंत्र जुळविण्याचा उद्योग फैलावला. मुंबईचा लॅमिंग्टन रोड व पुण्याची तपकीर गल्ली ही त्याची सर्वपरिचित ठिकाणे. ‘असेंबल केलेला’ हे विशेषण मराठीत रूढ झाले. जुळविणाऱ्यास आता मंडलातील आतील रचना ठाऊक नव्हती. कोणता भाग कोठे बसतो, एवढे ठाऊक होते.

३. यंत्रास वाणी

याच सुमारास निदानाची एक नवी पद्धती रूढ झाली. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने काढलेला व्यक्तिगत संगणक कळ दाबताच स्वतःची तपासणी करी, आणि सर्व ठीक असल्यास एक ऱ्हस्व नाद काढी. पडद्यावर अक्षर उमटण्यापूर्वीच दोष उद्भवला तर सांगावयाचा कसा, या अडचणीवर हा उपाय होता. त्या परंपरेत एक दीर्घ व दोन ऱ्हस्व नाद म्हणजे चित्र उमटविणाऱ्या कार्डातील दोष. छंदःशास्त्राच्या परिभाषेत हा भ-गण होय. दुसऱ्या एका प्रचलित प्रणालीत, म्हणजे ‘एएमआय’च्या संकेतांत, तीन ऱ्हस्व नाद, अर्थात न-गण, स्मृतीच्या पहिल्या भागातील दोष दर्शवितो. चिन्ह व अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो आणि एकाच चिन्हाचा अर्थ बोलीगणिक बदलतो, याचे इतके निखळ उदाहरण क्वचितच आढळेल. १९८४ पासून यंत्र प्रत्येक टप्प्यावर एक संकेतांकही बाहेर पाठवू लागले, आणि तो वाचणारे ‘डीबग कार्ड’ दुरुस्तीच्या दुकानांत दिसू लागले.

आजच्या अनेक मदरबोर्डांवर ध्वनीच्या जागी चार लहान दिवे असतात : सीपीयू, डीरॅम, व्हीजीए व बूट. येथेच नवशिक्याची मोठी फसगत होते. दिवा सांगतो तो यंत्र थांबल्याचा टप्पा. दोषी भाग कोणता, हे तो सांगत नाही. डीरॅमचा दिवा स्मृतिपट्टी नीट न बसल्याने लागेल, तसाच प्रोसेसरच्या खोबणीतील एखादी पिन वाकल्यानेही लागेल. चिन्ह आणि कारण यांची गल्लत केल्यास निर्दोष स्मृतिपट्टी टाकून दिली जाते व दोष जागीच राहतो.

४. एका वाक्याचे पाच अर्थ

लोकभाषेतही अशीच संदिग्धता आहे. मराठी व्यवहारात ‘सीपीयू’ म्हणजे केवळ प्रोसेसर नव्हे, तर सबंध पेटी. त्यामुळे ‘सीपीयू गेला’ या उक्तीतून काहीच निश्चित होत नाही. ‘सुरू होत नाही’ या वाक्याचेही निदान पाच अर्थ संभवतात.

पहिला, यंत्रात जीवच नाही. येथे भिंतीवरील बटण, विद्युतपुरवठा करणाऱ्या एसएमपीएसच्या मागील कळ, आणि पेटीच्या कळीची तार योग्य पिनांवर आहे की नाही, हे पाहावयाचे. १९९५ पासून रूढ झालेल्या एटीएक्स रचनेत मुख्य जोडणीतील हिरवी तार काळीस जोडली असता एसएमपीएस मदरबोर्डावाचून चालू होतो; मात्र तो चालू झाला म्हणजे पूर्ण भार पेलेल असे सिद्ध होत नाही. दुसरा, पंखा क्षणभर फिरून थांबतो; हे बहुधा शॉर्ट-सर्किटपासून संरक्षणाचे लक्षण असते, आणि बोर्डाखाली भलत्या जागी राहिलेला पितळी खिळा त्यास पुरेसा होतो. तिसरा, पंखे फिरतात पण चित्र नाही. प्रोसेसरची स्वतंत्र १२ व्होल्टची जोडणी विसरणे, स्मृतिपट्टी अर्धवट बसणे, किंवा पडद्याची तार चुकीच्या जागी लावणे ही येथील नेहमीची कारणे. चौथा, चित्र येते परंतु कार्यप्रणाली उठत नाही. हा दोष साठवणीच्या तबकडीकडे किंवा तिच्या मांडणीकडे बोट दाखवितो. पाचव्या अर्थात तर दोषच नसतो : डीडीआर५ जातीची स्मृती प्रथमच जोडली असता तिची जुळवणी करण्यास यंत्र काही मिनिटे घेते, आणि अधीर मनुष्य मध्येच कळ दाबून ती प्रक्रिया पुनःपुन्हा आरंभापाशी आणून ठेवतो.

अर्थ निश्चित झाल्यावर करावयाचे ते एवढेच : बोर्ड पेटीबाहेर काढून कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवावा, त्यास प्रोसेसर व त्याचा पंखा, एक स्मृतिपट्टी आणि एसएमपीएस एवढेच जोडावे, आणि यंत्र उठल्यास एकेक भाग वाढवीत जावे. याउपर भाग बदलून पाहण्याची पद्धती उरते. पण तिला सुटे भाग लागतात, आणि ते दुकानदारापाशी असतात, घरी नसतात. निदानाचे सामर्थ्य अशा रीतीने ज्ञानाकडून साठ्याकडे सरकले.

५. समारोप

टिफ्रॅकच्या निर्मात्यांस दोषाचे कारण दिसत होते. हिंजवडीतील जुळविणाऱ्यास केवळ दोषाचे स्थान शोधता येते. ही हानी खरी आहे आणि ती भरून येण्याजोगी नाही, कारण एका प्रोसेसरात आज अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात व त्यास उघडावयाचे दार नसते. तथापि एक गोष्ट दोघांसही समान आहे. यंत्राविषयी बोलताना शब्द नेमका वापरणे हे दोघांचेही पहिले साधन, आणि त्यास कोणताही सुटा भाग विकत आणावा लागत नाही. ‘सुरू होत नाही’ असे न म्हणता ‘पंखा फिरतो, दिवा अमुक, चित्र नाही’ असे जो सांगतो, त्याने निम्मे निदान स्वतःच केलेले असते. देखभालीचे जे ज्ञान पूर्वी संस्थेत होते, नंतर कंपनीत गेले व पुढे दुकानात स्थिरावले, त्याचा काही अंश या मार्गाने पुन्हा घरी येऊ शकतो, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.