हजचे तिकीट आणि वरचा खर्च

सुट्ट्या जवळ आल्या की वर्तमानपत्रांतून सहलींच्या जाहिराती येऊ लागतात. मोठ्या आकड्यात एक रक्कम, तिच्या डोक्यावर बारीक चांदणी आणि तळाशी त्या चांदणीचा अर्थ सांगणारा, मुंगीच्या पावलांएवढा मजकूर. त्या मजकुरात काय दडलेले असते, हे आता बहुतेकांना अनुभवाने ठाऊक झाले आहे. व्हिसाचे पैसे वेगळे, विम्याचे वेगळे, विमानाच्या इंधनाचा भाव चढला तर तो फरक वेगळा, चालकाची आणि गाइडची बक्षिसी माणशी रोजची इतकी, एकट्या माणसाला खोली हवी असेल तर जास्तीचे. परदेशी सहल असेल तर ऑक्टोबर २०२० पासून टीसीएस नावाची रक्कमही आधीच भरावी लागते. ती पुढे आयकरात वळती होते हे खरे, पण निघताना खिशातून जातेच.

हे सारे अलीकडचे, पूर्वी लोक साधे होते, असे आपण म्हणतो. पूर्वीचे लोक साधे होते की नाही ते सोडा, पण वरचा खर्च मात्र फार जुना आहे. त्याची एक हकिकत आपल्याच मुलखातून मुंबईच्या गोदीकडे जाते. जगातली सर्वांत प्रसिद्ध सहल कंपनी हाजी लोकांच्या प्रवासात कशी आली आणि सात वर्षांत कशी बाहेर पडली, याची ही हकिकत आहे.

सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या माणसाने केलेला सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे काशीची यात्रा, नाहीतर हज. हजला निघालेला माणूस घराघरांत जाऊन 'कहासुना माफ' म्हणून येई. देणी फेडी, कारण कर्ज डोक्यावर ठेवून जाऊ नये. दंडावर इमाम-जामिन बांधला जाई, म्हणजे कापडात गुंडाळलेले एक नाणे. प्रवास सुखरूप झाला की ते नाणे गरिबाला द्यायचे. एवढा हिशेब घरातच पुरा होई. पुढचा हिशेब मात्र त्याच्या हातात नसे.

पहिला फटका नाण्याचा. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. इथे चालणारा रुपया हाली सिक्क्याचा, तर मुंबईत इंग्रजांचा कलदार. पुढे हा भाव ७ हालीला ६ कलदार असा बसला, त्याआधी तो बाजाराप्रमाणे हलत असे. म्हणजे ७०० रुपये गाठीला बांधून निघालेल्या माणसाचे मुंबईत ६०० झाले, आणि त्यातून सराफाचा बट्टा वेगळा. त्या वेळी औरंगाबादला रेल्वे नव्हती, ती १९०० च्या सुमारास मनमाडहून आली. त्याआधी जवळचे स्टेशन नांदगाव, आणि तिथवर बैलगाडी किंवा टांगा.

मुंबईत दुसरा फटका. जहाज अमुक दिवशी सुटणार असे सांगितले जाई आणि ते सुटत नसे. जागा भरेपर्यंत मालक थांबे. तोवर हाजींनी मुसाफिरखान्यात किंवा रस्त्याच्या कडेला गाठीचे खाऊन राहायचे. तिकीट दलालामार्फत, आणि दलालाचा भाव गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून. गावाकडचा, भाषा न येणारा, बरोबर बायकामाणसे असलेला मनुष्य असेल तर विचारायलाच नको.

त्यानंतर समुद्र. १८६५ साली हजच्या वेळी पटकीची साथ उसळली आणि इजिप्तमार्गे युरोपात पोचली. त्या धसक्याने पुढे तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या कामरान बेटावर हाजींची जहाजे अडवून त्यांना क्वारंटाइनमध्ये ठेवण्यात येऊ लागले. ठेवायचे सक्तीने, आणि त्याचे शुल्क मात्र हाजींकडूनच घ्यायचे. जेद्दाच्या किनाऱ्याला प्रवाळाचे खडक असल्याने मोठे जहाज दूर उभे राही. तिथून किनाऱ्यावर नेणाऱ्या होड्यांचे पैसे वेगळे. पुढे उंटाचे भाडे, आणि त्या भाड्यात मक्केच्या शरीफाचाही वाटा. शिवाय मुतव्विफ, म्हणजे हजचे विधी करवून घेणारा आणि राहण्याची सोय लावणारा वाटाड्या, त्याची दक्षिणा.

हे काही फक्त गरिबांच्याच वाट्याला येई असे नाही. भोपाळच्या नवाब सिकंदर बेगम १८६३-६४ मध्ये मुंबईहून हजला गेल्या. त्यांनी लिहिलेल्या प्रवासवर्णनाचे इंग्रजी भाषांतर १८७० मध्ये छापले गेले. त्यात जेद्दाच्या जकातीवरून झालेली कटकट आणि पावलोपावली मागितल्या गेलेल्या नजराण्यांच्या तक्रारी आहेत. पण बेगमसाहेबांची तिजोरी मोठी होती. ज्याने शेताचा तुकडा विकून पैसे जमवले, त्याचे पैसे जेद्दाला संपले की तो तिथेच अडकून पडे. भीक मागून, आजारी पडून, इंग्रजांच्या वकिलातीच्या दारात बसून राहिलेल्या हिंदी हाजींचा प्रश्न सरकारला वर्षानुवर्षे सतावत होता.

इथे थॉमस कुक येतात. ५ जुलै १८४१ रोजी या इंग्रज गृहस्थाने लेस्टर ते लफबरो अशी रेल्वेची सहल काढली. पाचशेच्या आसपास माणसे आणि जाऊन-येऊन माणशी एक शिलिंग. पुढे १८६८ पासून त्याने हॉटेलांची कूपने काढली. पैसे घरी असतानाच कुककडे भरायचे आणि परक्या गावी हॉटेलवाल्याच्या हातात फक्त कूपन ठेवायचे. परक्या मुलखात, परक्या भाषेत घासाघीस करायची वेळच येऊ नये, ही त्यामागची कल्पना. आज ज्या पॅकेजच्या नावाने आपण बोटे मोडतो, ते जन्माला आले वरच्या खर्चावरचा उपाय म्हणून, ही गंमत लक्षात घेण्यासारखी आहे.

१८८६ मध्ये हिंदुस्थान सरकारने थॉमस कुक अँड सन या कंपनीशी हजच्या वाहतुकीचा करार केला. कारभार तेव्हा थॉमस यांचा मुलगा जॉन मेसन कुक पाहत होता. दोनच वर्षे आधी नाईल नदीतून इंग्रजांचे सैन्य नेण्याचे काम या कंपनीने केले होते, त्यामुळे सरकारचा तिच्यावर भरवसा. गावाकडच्या स्टेशनापासून मुंबई आणि मुंबईहून जेद्दा अशा सलग प्रवासाची सोय करायची, भाडी आधी जाहीर करायची आणि मधल्या दलालाचा हात काढून टाकायचा. पाठोपाठ १८८७ मध्ये मुंबई सरकारने हाजींच्या संरक्षणाचा कायदा केला आणि दलालांना परवाना घेणे भाग पाडले.

१८९३ पर्यंत हे सारे आटोपले. कंपनीला तोटा होत होता, तो भरून देण्याची सरकारची इच्छा उरली नाही, आणि कुकने अंग काढून घेतले.

असे का झाले असावे? एक कारण उघड आहे. कुकच्या तिकिटाचे राज्य जेद्दापर्यंतच. होडी, उंट, शरीफ, मुतव्विफ ही सारी पलीकडची दुनिया, आणि तिच्यावर ना कुकची सत्ता, ना इंग्रजांची. पण दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. कुकने आकडा आधी जाहीर केला. दलाल तोंडाने त्याहून कमी आकडा सांगू शकत होता आणि राहिलेले पुढे कुठेतरी वसूल करू शकत होता. पैपैसा जोडून आलेला माणूस दोन आकड्यांतला लहान आकडा धरणार, त्यात त्याचा काय दोष? अर्धा खर्च लपवणाऱ्याच्या शेजारी पूर्ण खर्च सांगणारा नेहमी महागच दिसतो. एकाच दुकानाने खरे बोलायचे ठरवले तर ते दुकान बसते. नियम करायचा तर तो साऱ्या बाजाराला लावावा लागतो.

तो नियम यायला १९२५ साल उजाडले. त्या वर्षीच्या कायद्याने परतीचे तिकीट किंवा परतीच्या भाड्याची अनामत सक्तीची झाली. यालाही विरोध झाला आणि तो खोटा नव्हता. कोणाला तिथेच उरलेले आयुष्य काढायचे असे, कोणाला दुसऱ्या वाटेने परतायचे असे. आणि गरिबाला तर निघतानाच दुप्पट पैसा दाखवावा लागू लागला. जेद्दाला अडकणे टळले, पण काहींचे जाणेच टळले. संरक्षणाचीही किंमत असते आणि ती पुन्हा प्रवाशाच्याच खिशातून येते. २०२२ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने खासगी हज टूर चालकांची जीएसटी माफीची मागणी फेटाळली, तेव्हा हाच जुना प्रश्न नव्या भाषेत समोर आला.

काही खर्च मात्र खरोखरच गेले. सौदी राजे अब्दुल अजीज यांनी १९५२ मध्ये हाजींवरचा डोईपट्टीसारखा कर रद्द केला. मक्केत हैदराबाद संस्थानच्या हाजींसाठी निजामाने रुबात म्हणजे फुकट उतरण्याच्या जागा केल्या होत्या. संस्थान १९४८ मध्ये संपले, तरी जुन्या संस्थानी मुलखातले, म्हणजे मराठवाड्यातलेही हाजी पुढे कितीतरी वर्षे चिठ्ठ्या टाकून तिथल्या जागा मिळवत आले. आपल्या शहरातली पाणचक्कीही याच जातीची. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी तिच्यावर दळण होई, आणि पीठ कोणी मोजून देत नसे.

आणि कुक? २३ सप्टेंबर २०१९ रोजी ती मूळची ब्रिटिश कंपनी बुडाली, तेव्हा तिचे दीड लाखाच्या आसपास ब्रिटिश प्रवासी परदेशात होते. (त्याच नावाची भारतातली कंपनी तोवर वेगळी झालेली होती, तिचा याच्याशी संबंध नव्हता.) बुडण्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत ट्युनिशियातल्या हम्मामेत गावच्या एका हॉटेलने कुकच्या पाहुण्यांना फाटकाशी अडवले आणि राहण्याचे पैसे पुन्हा मागितले. या लोकांनी घरी असतानाच सारी रक्कम भरलेली होती. १८६८ च्या कूपनाचा वायदा तिथे, दीडशे वर्षांनी, फाटकापाशी मोडला.

आपल्याकडे साऱ्या बाजाराला लागू होणारा नियम आता कागदावर तरी आला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या विक्रीच्या १३ प्रकारांवर बंदी घातली. आधी लहान आकडा दाखवून शेवटच्या पायरीवर मोठा करणे, आणि न विचारता विमा किंवा देणगी बिलात घुसवणे, हे दोन्ही त्यांत आहेत. म्हणून पैसे भरण्याआधी 'यात काय नाही' याची यादी लेखी मागावी आणि जपून ठेवावी. वाटेत जास्तीचे द्यावेच लागले तर पावती घ्यावी आणि हरकत त्याच दिवशी लेखी कळवावी. नंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एक मोठी सोय झाली आहे. कंपनी मुंबईची असो की दिल्लीची, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्क नाही. १८८७ च्या हाजीला दाद मागायची तर ती मुंबईच्या गोदीवरच मागावी लागे, आणि जहाज तर सुटायला टेकलेले असे.